कंपनीकडून येणे

उत्तराबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तो दिवस हरिहर दुर्व्यांच्या रोजकीर्दीत सापडतो. त्या दिवशी रिक्षाला सहा रुपये आणि रक्ततपासणीला एकशे दहा रुपये गेले होते. त्याखेरीज त्या पानावर काही नाही. सत्याऐंशी सालचा जुलै होता. हरिहरराव ठाण्याच्या एका गिरणीत अकाउंट्सचे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि डोंबिवली पश्चिमेच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये घरखर्चाच्या वह्या गिरणीसारख्याच दुहेरी नोंद पद्धतीने लिहीत होते. रोजकीर्द वेगळी, खतावणी वेगळी, महिनाअखेर दोन्ही बाजू जुळवून पाहायची तेरीज. शेजारपाजारचे हसायचे. चित्रा मात्र हसायची नाही, कारण शाळेत असल्यापासून ती त्यांना आकडे वाचून दाखवायला बसत आली होती.

चित्रा त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा तिला तिसावं लागलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका मोठ्या कारखान्यात ती पर्सोनेल खात्यात टायपिस्ट होती. पगार बरा होता, पण पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कंपनीची वैद्यकीय योजना. कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसांच्या औषधपाण्याचा खर्च बिलं दाखवली की परत मिळायचा. अविवाहित मुलीचे आईवडील त्यात बसत होते.

नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिलं बिल चारशे रुपयांचं. रात्री जेवणं झाल्यावर चित्राने ते वडिलांपुढे ठेवलं.

"नाना, हे औषधोपचार खर्चात लिहू?"

"खर्चात नाही," हरिहरराव म्हणाले. "हा आपला खर्चच नव्हे. कंपनी परत देणार आहे ना? मग आपण कंपनीसाठी पैसे भरले, एवढंच. 'कंपनीकडून येणे' असं नवीन खातं उघड. त्याच्या नावे चारशे, रोखीकडे जमा चारशे. चेक आला की उलट. खातं शून्यावर आलं पाहिजे."

आतल्या खोलीतून उत्तराबाईंनी विचारलं, "म्हणजे माझ्या दुखण्याला खर्च शून्य?"

"शून्य," हरिहरराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा त्या दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाला.

पण खातं काही शून्यावर आलं नाही. बिलं महिनाअखेर जमा करायची, त्यावर हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सही, मग कंपनीच्या डॉक्टरांची सही, मग अकाउंट्स. चेक हातात पडेपर्यंत अडीच महिने जायचे. तोवर पुढची वीस-बावीस डायलिसिस झालेली असायची. महिन्याला औषधं धरून बेचाळीसशे रुपये. चित्राचा पगार चोवीसशे. मधलं खिंडार बुजवायला तिने कंपनीच्या पतपेढीतून दहा हजारांचं कर्ज काढलं. त्याचं व्याज कोणी परत देणार नव्हतं, म्हणून ते मात्र खर्चात गेलं. 'कंपनीकडून येणे' या खात्यावर दहा-अकरा हजार रुपये कायमचेच उभे राहिले. एक चेक आला की ते खाली यायचं आणि पुढच्या शुक्रवारपासून पुन्हा चढायला लागायचं.

कधी चेकसोबत चिठ्ठी यायची: प्रवासखर्च नामंजूर, प्रथिनांची पावडर नामंजूर. नामंजूर झालेली रक्कम येण्यातून काढून खर्चात टाकताना हरिहररावांचं अक्षर बारीक व्हायचं.

दिवस असे बांधले गेले. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हरिहरराव बायकोला घेऊन ठाण्याला यायचे. संध्याकाळी कारखाना सुटला की चित्रा बसने नौपाड्यात पोचायची आणि दोघांना घरी न्यायची. उरलेल्या दिवशी फॉर्म भरायचे, भाज्यांतले क्षार उतरावेत म्हणून त्या चिरून पाण्यात भिजत ठेवायच्या, आईचं पाणी पेल्याने मोजायचं. उत्तराबाईंना तहान सोसायची नाही. एकदा त्या मोरीत तोंड धुवायला म्हणून गेल्या आणि नळाखाली ओंजळ धरून प्यायल्या. चित्राने दारातून पाहिलं आणि त्यांच्या हाताला धरून बाहेर आणलं. नंतर ती स्वतः बराच वेळ मोरीत उभी राहिली. आईच्या हातातून पाणी ओढून घेणारी बाई आपण कधी झालो, हे तिला कळेना.

हॉस्पिटलात डायलिसिसचं मशीन चालवायला आनंद कर्णिक होता. ठाण्याचाच, चरईतला. चित्राहून दोन वर्षांनी मोठा. बोलायला बेताचा, पण सुई टोचण्याआधी पेशंटच्या हातावर स्वतःचा तळवा क्षणभर ठेवायची त्याची सवय होती, आणि उत्तराबाई म्हणायच्या की निम्मं दुखणं तिथेच जातं. सुरुवातीला तो चित्राशी फक्त बिलांबद्दल बोलायचा. कुठल्या पावतीवर शिक्का राहिला आहे, कुठलं इंजेक्शन वेगळं लिहून घेतलं तर कंपनी मान्य करेल. पुढे शुक्रवारी मशीन उतरायला वेळ असला की दोघं गोखले रोडवर चहा प्यायला जायची. वर्षभराने ती एकमेकांना 'अरे' आणि 'अगं' म्हणत होती. त्या अर्ध्या तासात चित्राच्या पर्समध्ये बिलं असायची, पण ती त्यांच्याबद्दल बोलायची नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्याने विचारलं. काही आडवळण न घेता.

"आपण लग्न करूया का?"

चित्राने कप खाली ठेवला. उत्तर तिला त्याने विचारण्याआधीपासून ठाऊक होतं. योजनेचे नियम तिने स्वतः टाइप केलेले होते.

"सातवं कलम," ती म्हणाली. "विवाहित महिला कर्मचाऱ्यावर अवलंबून म्हणजे नवरा, मुलं, सासू आणि सासरे. आईवडील नाहीत."

"म्हणजे माझ्या आईचा गुडघा चालेल."

"चालेल. माझ्या आईचं डायलिसिस नाही."

आनंद हळूच म्हणाला, "रजिस्टर करू. ऑफिसात कशाला सांगायचं? कोण येतंय बघायला?"

"दर एप्रिलला मी अविवाहित असल्याचं लिहून द्यावं लागतं. मागल्या वर्षी स्टोअरमधल्या तानाजीने औषधाचं खोटं बिल लावलं, तर त्याला कामावरून काढलं. ते पत्र मीच टाइप केलं होतं, आनंद. माझी नोकरी गेली तर सगळंच गेलं."

आनंदने चहाचे पैसे दिले आणि दोघं हॉस्पिटलकडे परतली.

त्यानंतरच्या रविवारी उत्तराबाई दुपारच्या झोपलेल्या असताना चित्राने खतावणी काढली. कंपनीशिवाय निभेल का, हे तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आनंदचा पगार किती हे तिला माहीत होतं. लग्नानंतरही आपला अर्धा पगार डोंबिवलीला देता येईल हे तिने धरलं. त्यात घर चाललं असतं. डायलिसिसला उरत होते ते नानांच्या फंडाचे पैसे, एकसष्ट हजार, बँकेत मुदतीने ठेवलेले. तिने कोरं पान हवं म्हणून वही मागून उघडली. शेवटचं पान कोरं नव्हतं.

तिथे वडिलांच्या हातचा हिशेब होता. शाईने नाही, पेन्सिलीने. मुदतठेव एकसष्ट हजार. भागिले बेचाळीसशे. घरखर्च, चि. चित्राच्या अर्ध्या पगारातून. उत्तर: चौदा महिने. खाली तारीख होती, मे महिन्याची. आनंदने विचारलं त्याच्या सहा महिने आधीची.

ती पान धरून बसली. नानांनी शुक्रवारचा चहा पाहिला होता आणि मुलगी सासरी गेली तर बायको किती दिवस जगेल, याचा भागाकार करून ठेवला होता. आणि मग कोणाला काही न बोलता वही मिटून ते दर मंगळवारी तिला घेऊन ठाण्याला जात राहिले होते. चित्राला त्यांचा राग आला. मग वाटलं, राग कसला, मीही आत्ता तेच करायला बसले होते.

हरिहरराव बाजारातून आले. वही कुठे उघडी आहे ते त्यांनी पाहिलं. पिशवी ठेवून ते समोर बसले.

"चौदा महिने निघतात," ते म्हणाले. "मुलगा चांगला आहे. तू कर लग्न."

"आणि पंधराव्या महिन्यात?"

हरिहररावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"नाना, पंधराव्या महिन्यात काय करायचं?"

"जागा विकता येईल," ते म्हणाले. "पण भाड्याने राहायला पुन्हा... मी तोही हिशेब केला. फार लांबत नाही तो."

आत पलंग वाजला. चित्राने आत डोकावून पाहिलं, तर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते.

पण उत्तराबाई झोपलेल्या नव्हत्या. पुढच्या शुक्रवारी मशीनवरून नेहमीपेक्षा लवकर उतरल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं की मला देवळात जाऊन बसायचंय, तुम्ही इथेच चित्राची वाट बघा. आणि खाली येऊन रिक्षा करून त्या थेट वागळे इस्टेटला गेल्या. डायलिसिसनंतर माणसाच्या अंगात उभं राहायचंही बळ नसतं. कारखान्याच्या गेटवर त्यांनी वॉचमनला मुलीचं नाव सांगितलं नाही, तर पर्सोनेल ऑफिसरांना भेटायचंय म्हणून सांगितलं.

चित्रा टाइपरायटरला कव्हर घालत होती. शिपाई म्हणाला, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलंय. आत खुर्चीत आई बसलेली. हाताला पट्टी, पायात घरातल्या सपाता, पुढे चहाचा कप, न प्यायलेला.

"या दुर्वेबाई," साहेब म्हणाले. माणूस सभ्य होता आणि फार अवघडलेला होता. "आई नियमाबद्दल विचारतायत."

"मी इतकंच विचारते आहे," उत्तराबाई म्हणाल्या, "की माझी ही मुलगी उद्या लग्न करून गेली, तर तिच्या सासूच्या औषधाचे पैसे तुम्ही द्याल?"

"हो. नियमात आहे."

"आणि मी तीच आई, हाच आजार, हीच मुलगी. मला देणार नाही."

"मी समजू शकतो बाई, पण योजना हेड ऑफिसची आहे. आमच्या हातात..."

"मग तुम्ही असं करा," उत्तराबाई म्हणाल्या. "कागदावर मला तिची सासू करून घ्या. मला चालेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. म्हणाले, "तुम्ही मला हे लिहून द्या. मी माझ्या शेऱ्यासकट वर पाठवतो. होईल असं मी म्हणत नाही. पाठवतो."

उत्तराबाईंनी तिथेच बसून लिहिलं. दर ओळीनंतर त्या दम घेत होत्या, म्हणून वेळ लागला. चित्रा भिंतीशी उभी होती. शरमेने तिचे कान तापले होते. खात्यातल्या बायका काचेतून बघत होत्या, आणि उद्यापासून सगळ्यांना तिच्या लग्नाची गोष्ट माहीत असणार होती.

नानांना घ्यायला नौपाड्याकडे जाताना रिक्षात ती आईवर चिडली. "तुला कोणी सांगितलं होतं जायला?"

"कोणी नाही."

"काय मिळालं त्यातून?"

"काही नाही मिळालं," उत्तराबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी मंगळवारी येणार नाही. कंटाळा आला मला."

चित्राला वाटलं, रागाने बोलते आहे. पण मंगळवारी उत्तराबाई पलंगावरून उठल्या नाहीत. हरिहररावांनी विनवलं, चित्राने रजा टाकली, शेजारच्या मनुबाई येऊन बोलून गेल्या. त्या मूळच्या कोपरच्या कोळीवाड्यातल्या, रोज मासळी घेऊन फिरणाऱ्या, फटकळ पण मायाळू. "बाय, देवाला घाई नाय, तुला कशाला घाई?" असं म्हणाल्या. उत्तराबाई फक्त हसल्या. त्या दिवशी त्या पाणी मोजून प्यायल्या नाहीत. तीन पेले प्यायल्या, मग आणखी दोन.

शुक्रवारीही त्या उठल्या नाहीत. शनिवारी पहाटे त्यांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते आणि पडून राहिलं की श्वास लागत होता. मनुबाईंच्या मुलाने नाक्यावरच्या दुकानातून हॉस्पिटलला फोन केला. तासाभरात आनंद टॅक्सी घेऊन दारात उभा राहिला. त्याने आणि हरिहररावांनी खुर्चीत बसवून उत्तराबाईंना दोन जिने खाली उतरवलं. टॅक्सीत त्या चित्राचा दंड इतका घट्ट धरून बसल्या होत्या की वळ उठले.

मशीनला लावल्यावर, पाणी उतरायला लागल्यावर, त्यांना बोलता आलं.

"मला वाटलं होतं, जमेल," त्या म्हणाल्या. "पण घाबरले गं मी. रात्री श्वास येईना तेव्हा मनात दुसरं काहीच आलं नाही. तूसुद्धा नाही. फक्त मंगळवार आला पाहिजे असं वाटत होतं."

चित्राने त्यांचा हात हातात घेतला. आनंद मशीनच्या काट्याकडे बघत उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

यानंतर उत्तराबाई मंगळवारी आणि शुक्रवारी मुकाट्याने तयार होऊन बसायच्या, वेळेच्या अर्धा तास आधीच. हरिहररावांनी शनिवारच्या टॅक्सीचे पैसे 'कंपनीकडून येणे'मध्ये लिहिले आणि ते नामंजूर झाले.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात आनंदला मस्कतच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. त्याने तिला एकदा, शेवटचं, विचारलं. "मी तिकडून पैसे पाठवीन. बेचाळीसशे मला जड नाही. तू लग्न कर आणि इथेच राहा हवं तर."

चित्राने रात्रभर विचार केला. त्या एका रात्री तिला दार उघडल्यासारखं वाटलं होतं. पण करार दोनच वर्षांचा होता. त्याच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. त्याची आई आधीच म्हणाली होती, 'घेऊन येतोस ती सून की दवाखाना?' आणि एक महिना पैसे उशिरा आले तर? कंपनीचा चेक अडीच महिने उशिरा यायचा, पण यायचा. तो येणार हे तिला माहीत होतं. आनंदवर तिचं प्रेम होतं, आणि तरी आईचा श्वास त्याच्या भरवशावर ठेवायची तिची छाती होईना. हे तिने त्याला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे माझ्यापेक्षा कंपनीवर तुझा विश्वास जास्त," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

"हो," चित्रा म्हणाली.

तो जूनमध्ये गेला. दीड वर्षाने त्याचं लग्न झाल्याचं हॉस्पिटलातल्या नर्सने सांगितलं. त्याच्या जागी आलेल्या माणसाचा हात जड होता.

उत्तराबाई नव्वदच्या नोव्हेंबरात गेल्या. मशीनवर नाही, घरी, दुपारी, भाजी निवडता निवडता. शेवटची बिलं कंपनीकडे होती. सुतक फिटलं, महिन्याचं श्राद्धही झालं, तरी चेक येत राहिले. डिसेंबरात एक. जानेवारीत एक. फेब्रुवारीत आला तो शेवटचा, अकराशे साठ रुपयांचा. हरिहररावांनी नोंद केली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा खातं शून्यावर आलं. त्यांनी खाली दोन रेघा मारल्या आणि वही चित्राकडे सरकवली, बरोबर आहे का बघ म्हणून. तिने पाहिलं. बरोबर होतं. मग त्यांना रडू आवरेना, आणि चित्रा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

ब्याण्णवच्या मार्चमध्ये पर्सोनेलच्या साहेबांनी तिला बोलावून एक मसुदा हातात दिला. ते निवृत्तीला आले होते. "इंग्रजी आणि मराठी, दोन्ही टाइप करा," ते म्हणाले. "बोर्डावर लावायचंय."

योजनेच्या सातव्या कलमात दुरुस्ती झाली होती. विवाहित महिला कर्मचाऱ्यास आपले आईवडील अथवा सासूसासरे यांपैकी कोणाचीही निवड करता येईल. अंमल एक एप्रिलपासून.

"तुमच्या आईंचं पत्र मी तीनदा पाठवलं," साहेब म्हणाले. "शेवटी युनियनच्या मागण्यांत घातलं, तेव्हा झालं. उशीर झाला."

"हो," चित्रा म्हणाली. आणि जागेवर येऊन तिने कागद चढवला. इंग्रजी प्रतीत दोन चुका झाल्या, म्हणून ती पुन्हा काढली. मराठी प्रत एका दमात झाली.

डिस्पॅचमधली शकू तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होती. खडवलीहून यायची. वडील नव्हते, आई दम्याची. तिचं लग्न ठरून दोन वर्षं झाली होती आणि ती तारीख पुढे ढकलत होती, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. चित्राने प्रत बोर्डावर लावण्याआधी तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. शकूने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

"चित्राताई, हे खरं ना? मागाहून काढून नाही ना घेणार?"

"माझ्या हातून टाइप झालंय. खरं आहे. आईचं नाव लिहून फॉर्म लगेच दे, एप्रिलच्या आत."

संध्याकाळी तिने घरी वडिलांना सांगितलं. हरिहरराव आता पंच्याहत्तरीला आले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"कधीपासून लागू?"

"एक एप्रिलपासून."

मग ते म्हणाले, "मी तेव्हा तुला नीट 'जा' म्हणायला हवं होतं. हिशेब न दाखवता."

"मी गेले नसते, नाना."

"गेली नसतीस. तरी म्हणायला हवं होतं मी."

त्यांचं खरं होतं, आणि ते खरं आहे असं म्हणायचं चित्राच्या जिवावर आलं. ती पस्तिशीला आली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिने तांदूळ धुतले, कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. मंगळवार होता.